डबीतला सहावा नंबर

काका गेले तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जो उठला तो एकच गोष्ट बोलला, केवढा हुशार माणूस! सेक्रेटरींनी तर माइक हातात धरून सांगितलं, की हा माणूस परदेशात असता तर त्याचं कुठल्या कुठे नाव झालं असतं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. हुशार होतेच ते. माझं भांडण त्या हुशारीशीच आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा घसा बसलाय म्हणून मी हात जोडले. माझा घसा कधी बसत नाही, शाळेत कुणालाही विचारा.

मुलुंड पूर्वेला आमच्या मजल्यावर दोनच घरं, दारं समोरासमोर. एकात मी, एकात काका-काकू. मूलबाळ त्यांना नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असे. काका मला मास्तरीण म्हणायचे. मी त्यांना तोंडावर अहोजाहो करायचे आणि मनातल्या मनात अरेतुरे. इथे अहोजाहोच लिहिते, काकूला दुसरं आवडलं नसतं.

काका भांडुपच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर होते. केबिनला लागून कॉम्प्रेसर रूम. कानात घालायला कापसासारखे बोळे मिळत, ते काका घालत नसत. मशीनच्या आवाजावरून मशीनला काय होतंय ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. मशीनचं सगळं कळलं आणि कान गेले. पुढे कारखाना गेला, तिथे टॉवर उभा राहिला, काका निवृत्त होऊन घरी बसले आणि मग एकेक आवाज त्यांच्या घरातून निघून गेला. आधी पक्षी, मग टीव्हीतल्या बायका, मग काकू.

काकूने एकदा त्यांना ओढत कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं होतं. मीही बरोबर होते. दुकानातल्या पोरीने छोटीशी मशीन त्यांच्या कानात बसवली आणि विचारलं, "सर, आता येतंय ऐकू?"

"येतंय. हे उघड."

"सर, हे उघडत नाही."

"उघडत नाही म्हणजे? माइक, बोर्ड, स्पीकर. अजून काय आहे आत? सोनं भरलंय?"

पोरगी हसली, तिला वाटलं आजोबा गंमत करतायत. आजोबा गंमत करत नव्हते. जी वस्तू उघडून बघता येत नाही ती मी कानात घालणार नाही, असं मोठ्याने सांगून ते दुकानाबाहेर पडले. काकू पर्स सावरत मागे. दुकानात त्या मशीनने त्यांना काकूचं बोलणं ऐकू आलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. काकू म्हणाली होती, "बरा वाटता काय?" आणि काकांनी "हं" केलं होतं. तिथेच हा विषय संपायला हवा होता. पण नाही, आम्ही इंजिनीअर.

मग गॅलरीत संसार मांडला गेला. काकूची कपडे वाळत घालायची दोरी सुटली आणि तिथे टेबल आलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणि ऑनलाइन मागवलेल्या पाकिटांतून वस्तू येऊ लागल्या. अंगठ्याएवढा एक हिरवा बोर्ड, त्याला तांदळाच्या दाण्यासारखा माइक, रंगीत वायरी, त्या चिकटवायला सोल्डरिंग आयर्न. बोर्डवर लॅपटॉपमधून प्रोग्राम चढवायचा, की माइकमधून आलेला आवाज त्यात हवा तसा कापता येतो, उचलता येतो, आणि मग इअरफोनमधून कानात. काकांनी हे सगळं व्हिडिओ बघून, आवाज बंद ठेवून, खालची अक्षरं वाचत शिकून घेतलं. सत्तरीच्या माणसाने. कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? पहिले काही महिने मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

यंत्राला पेटी हवी म्हणून काकूची प्रवासातली गुलाबी साबणाची डबी गेली. ती शर्टाच्या खिशात, तिच्यातून निघालेली वायर कानात. पहिल्या डबीत आवाज उशिरा पोचायचा. नळ बंद केल्यावर त्यांना नळाचं पाणी ऐकू यायचं, आणि ते परत जाऊन नळ घट्ट पिळायचे. दुसरी डबी भिंतीजवळ गेलं की शिट्टी मारायची. लिफ्टमध्ये तर अशी मारायची की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आत यायच्याच नाहीत. तिसरी डबी मात्र जमली. आणि तिच्यावर काकांनी ते बटण बसवलं, ज्याच्यामुळे मी आजही दातओठ खाते.

बटण म्हणजे जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचं, कटकट फिरणारं, सहा घरांचं. काकांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा, मग सगळ्यांना एकच कान कशाला? म्हणून प्रत्येकाला एक नंबर. एक नंबर बातम्यांचा. दोन नंबर खालच्या भाजीवाल्याचा. तीन नंबर माझा. चार नंबर सेक्रेटरींचा, आणि त्यावर काकांनी काय केलं होतं ते सेक्रेटरींना शेवटपर्यंत कळलं नाही. चारवर डबी पूर्ण गप्प. मीटिंगमध्ये काका चार लावून बसत, मान डोलावत, आणि सेक्रेटरी सगळ्यांना सांगत की एवढे ज्येष्ठ सभासद, पण किती लक्ष देऊन ऐकतात. पाच नंबर फोनचा.

नंबर मिळण्याआधी आवाज द्यावा लागे. मला त्यांनी गॅलरीत बसवलं, माइक पुढे ठेवला आणि प्रेशर कुकरचं माहितीपुस्तक हातात दिलं.

"वाच."

"हे काय वाचू काका? झाकण लावण्यापूर्वी रबर तपासा?"

"वाच गं. त्यात सगळी अक्षरं आहेत."

मी कुकरचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या आवाजाच्या रेघेने लॅपटॉपवर उठणाऱ्या हिरव्या डोंगरांकडे काका बघत होते. "मास्तरीण, तुझ्या आवाजात खालचं फार आहे. ढोल आहे नुसता. कापायला लागेल." त्यांनी काय कापलं देव जाणे, पण त्यानंतर माझं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू यायला लागलं. मी दारात उभी राहिले की ते तळहात दाखवून थांबवायचे, खिशात हात घालून बटण तीनवर आणायचे आणि मग म्हणायचे, "हां, बोल."

मी विचारलं, "आणि काकू कितीवर?"

"तिला कशाला नंबर?"

"म्हणजे?"

"तिचं मला न ऐकताच कळतं. इतकी वर्षं झाली. चहा, जेवण, औषध, अजून काय बोलते ती?"

सहावं घर रिकामं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. "हे आहे की!"

"ते राहू दे. पुढेमागे कुणाला लागलं तर."

काकू स्वयंपाकघरात होती, आणि तिचे कान शाबूत होते.

काकू मालवणकडची. आवाज असा बारीक, की शेजारच्या माणसालाही कान द्यावा लागे. ओरडणं तिला येतच नव्हतं. मग तिने स्वतःचा मार्ग काढला. काकांनी दाराच्या बेलला एक छोटं यंत्र जोडलं होतं, बेल दाबली की कुठल्याही नंबरवर डबीत मोठ्याने पीं वाजे. तेव्हा जेवण वाढून झालं की काकू पदराला हात पुसत घराबाहेर यायची, दार ओढून घ्यायची आणि स्वतःच्या घराची बेल वाजवायची. काका उठून दार उघडायचे. काकू हाताने घास दाखवायची आणि दोघं आत जायचे. रोज. मी शाळेतून जिना चढून वर येते तर ही बाई आपल्याच दारात पाहुण्यासारखी उभी! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर नंतर ते बघणं टाळायला मी मुद्दाम उशिरा यायला लागले.

एकदा न राहवून मी काकांना झापलं. "लाज वाटत नाही का हो? बायको बेल वाजवते तुमची!"

"उत्तम पद्धत आहे," काका म्हणाले. "तिनेच शोधली. साधी आणि खात्रीची." त्यांना खरंच अभिमान वाटत होता. अशा माणसाशी भांडणार कसं?

काकू पडली त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. मी कुलूप काढत होते तेव्हा समोरच्या दाराआडून काहीतरी आलं. हाक म्हणता येणार नाही इतकं बारीक. मी बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. काकांनी दार उघडलं. कानात वायर, हातात पेचकस.

"काका, काकू कुठाय? काकू हाक मारतेय!"

त्यांनी तळहात दाखवला. "थांब, थांब. तुझा नंबर लावतो."

आणि खिशात हात घालून ते बटण फिरवायला लागले. कट. कट. माझ्या तोंडावर तो तळहात. मी त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला ढकललं आणि अजूनही त्याचं मला काही वाटत नाही. काकू स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवी पडली होती. पाय विचित्र वळलेला. गॅलरीतलं टेबल तिथून दिसत होतं. ती पडल्यापासून त्यांची पाठ बघत हाका मारत होती. बेल मात्र दाराबाहेर होती.

मी काकांच्या नावाने बोंब ठोकली. तर ती जमिनीवरून मला म्हणते, "आरडू नको गो. तेंका ऐकाक येणा नाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात काका बाकावर बसून राहिले, डबी मांडीवर आणि वायर कानात. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी तीन नंबर लावून ठेवला होता, मला दिसत होतं.

काकू वॉकर घेऊन घरी आली तेव्हा काकांनी जाहीर केलं, की आता सहावा नंबर काकूला. जसा काही सत्कारच करत होते. त्यांनी गॅलरीत तिच्यासाठी खुर्ची मांडली, पाठीला उशी दिली, माइक पुढे ठेवला, आणि हातात, हो, कुकरचं पुस्तक दिलं. मी चहा घेऊन उभी होते. तो माझा राग शब्दांत मावणारा नाही.

काकूने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"ह्या कित्याक वाचू? माका बोलूचा आसा."

काकांना ऐकू आलं नाही. त्यांनी मला खूण केली. मी खच्चून ओरडले, "ती म्हणतेय तिला बोलायचंय!"

"बोलू दे की. काहीही चालेल. अक्षरं आली पाहिजेत."

काकू बोलायला लागली. काका डोंगरांकडे बघत काही कापत होते, काही उचलत होते, आणि जसजसं ते कापत गेले तसतसा तिचा आवाज त्यांच्या कानात उघडत गेला असणार. कारण थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. ते लॅपटॉपकडे बघायचे सोडून तिच्याकडे बघायला लागले. काकू थांबली नाही. मी तिच्या तोंडून एका वेळी इतके शब्द कधी ऐकले नव्हते. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. घरातलं सामान एकेक करून बाहेर काढून ठेवावं तसं ती बोलत गेली. वाळत घालायची दोरी. साबणाची डबी, जी तिच्या आईने दिली होती. दुकानातलं ते मशीन. बेल वाजवताना जिन्यातून जाणारी माणसं काय बघतात. आणि मग:

"माझी भयण गेली म्हणान गावसून फोन इलो. मी हंयसर उभी ऱ्हवान तुमका सांगलंय. तुमी काय बोललात? मान हलवलात आणि म्हणालात, दोनच कर."

काकांना वाटलं होतं ती चपात्यांचं विचारतेय. तिने त्या दिवशी दोन चपात्या केल्या होत्या. मेहुणी गेल्याचं त्यांना चार दिवसांनी माझ्याकडून, तीन नंबरवर कळलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं की काकू सांगायची राहिली असेल.

संध्याकाळ होत आली तेव्हा ती थांबली. "झाला," म्हणाली, आणि गार झालेला चहा प्यायली. काकांनी सोल्डरिंग आयर्न तापवला, डबी उघडली आणि ते बटण उपटून काढलं. सहाव्या घराची वायर बोर्डावर थेट चिकटवून टाकली. कथलाचा धूर गॅलरीत राहिला. बटण त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"अहो, मग बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलले ते त्यांना कळलंच नव्हतं. काकूचा आवाज उचलायचा तर खालचं सगळं कापावं लागे, आणि माझ्या आवाजात सगळं खालचंच. तेव्हापासून मी, सेक्रेटरी, भाजीवाला, बातम्या, सगळेच त्यांच्यासाठी चार नंबरवर गेलो. कुणी काही बोललं की ते काकूकडे वळत, आणि ती आपल्या बारीक आवाजात त्यांना सांगे.

लोक म्हणतील, बघा, सुधारला माणूस. सुधारले, मी नाही कुठे म्हणते? ती उरलेली दीड-दोन वर्षं त्या घरातून बोलण्याचा आवाज यायचा. कधी मी ऐकलं, तर काकू गावच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होती आणि काका मध्येच प्रश्न विचारत होते. बेल फक्त बाहेरची माणसं वाजवायची. पण एक वायर. एक दुपारचं काम. ते आधी करायला काय झालं होतं? ज्याने सेक्रेटरीला गप्प करण्यासाठी रात्र रात्र प्रोग्राम लिहिला, त्याला हे एवढंच जमत नव्हतं? या प्रश्नाने मला आजही झोपेतून जाग येते.

मग काकू गेली. तापाचं निमित्त झालं, फुप्फुसात पाणी झालं आणि गेली. 

काका एकटे राहिले, आणि डबी सहावर चिकटलेली. मी दारात उभी राहून गळा फाडायचे. "काका, गॅस बंद केलात का?" ते म्हणायचे, "हो, जेवलो." मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बटण परत बसवा. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि मान हलवली. नाही. मी नवं बटण विकत आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते तिथेच धूळ खात पडलं. घरात बोलायला कुणी नाही, आणि हा माणूस नसलेल्या आवाजासाठी लावलेला कान घालून दिवसभर बसायचा. भांडं घासलं तरी त्या डबीतून कर्कश लागत असणार. बसू देत, भोगू देत, असं मी म्हणायचे, आणि सकाळी डबा नेऊन द्यायचे.

एका रविवारी जळकट वास आला. बेल वाजवली, दार उघडलं नाही. पुढे कळलं की बेलच्या यंत्रातला सेल संपला होता. किल्लीने आत गेले. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी माखली होती, आणि काका गॅलरीत, माझ्याकडे पाठ करून बसलेले. कानात वायर. जिथे काकू पडली होती बरोबर तिथे मी उभी होते. तिला दिसत होती तीच पाठ मला दिसत होती.

मी ओरडले. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले. पाठ हलली नाही.

मग मी श्वास घेतला आणि सातवीच्या वर्गाचा सगळा ढोल घशातून खाली उतरवला. मूळची मी साताऱ्याकडची, पण इतकी वर्षं काकूचं ऐकून ते शब्द माझ्याकडेही आले होते. बारीक आवाजात, सावकाश म्हटलं, "अवो, दूध उतू गेला."

त्यांची मान अशी वळली की खुर्ची सरकली. उठलेसुद्धा, हाताने टेबल धरून, एका पायात चप्पल, एक पाय नुसता. अख्खा माणूस वळला होता. तोंड उघडं. मग त्यांना मी दिसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वळते ही मान? एवढी पटकन? ती या फरशीवर पडून तुम्हाला हाका मारत होती तेव्हा कुठे होती ही मान? बहीण मेली म्हणून ती सांगत होती तेव्हा कुठे होती? रोज स्वतःच्या दाराबाहेर उभी राहून तिने बेल वाजवली, तेव्हा एकदा, फक्त एकदा वळवायची होतीत! हे सगळं मी बोलले. मनात नाही, तोंडाने, शिरा ताणून, माझ्या स्वतःच्या आवाजात बोलले. काका माझ्या ओठांकडे बघत उभे होते आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं.

मी दमून थांबले, तेव्हा त्यांनी कानातली वायर दोन बोटांनी घट्ट दाबली आणि म्हणाले, "मास्तरीण, पुन्हा एकदा म्हण ना. दुधाचं."

मी गॅस बंद केला, पातेलं घासायला घेतलं, आणि नाही म्हटलं.